कडेला लिहिलेलं

मित्रांनो, सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. मला कोणी कचऱ्याची टोपली म्हटलेलं चालत नाही. मी कातरणाची टोपली आहे. बाइंडिंगच्या दुकानात पुस्तकाच्या कडा कापून सरळ करतात, तेव्हा कागदाच्या बारीक पट्ट्या खाली पडतात. त्यांना कातरण म्हणतात. ते झेलण्यात माझं सगळं आयुष्य गेलं. आता मी बरीच जुनी झाले आहे. माझा काठ दोन ठिकाणी उसवला आहे आणि तळाला कापडाचं ठिगळ आहे. ते ठिगळ कसं लागलं, हेच मला सांगायचं आहे.

माझा जन्म एका अंगणात झाला. टोपल्या विणणाऱ्या एका आजीने हिरवा बांबू चिरून पातळ पट्ट्या काढल्या, त्या पाण्यात भिजवल्या आणि गुडघ्यांत धरून मला विणलं. तिचे हात भराभर चालत आणि तोंड त्याहून भराभर. माझ्या दोन बहिणी माझ्याबरोबरच विणल्या गेल्या. एक फुलवाल्याकडे गेली, दुसरी फळवाल्याकडे. त्यांच्या वाट्याला चांगले वास आले. मला एका बाइंडरने उचललं. त्याने माझ्या काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "कड चांगली बांधलीये." या माणसाला जगात आधी कडाच दिसतात, हे मला पुढे कळलं.

त्याला सगळी गल्ली बाइंडरकाका म्हणे. त्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. दाराजवळ कापायचं मशीन होतं. त्याला मोठं लोखंडी चाक आणि हातभर लांब पातं होतं. त्या पात्याखाली माझी जागा होती. मधल्या टेबलावर खळीचं पातेलं असे. खळ म्हणजे कागद चिकटवायची पिठाची पेज. खिडकीपाशी बुटक्या स्टुलावर काकू बसत, म्हणजे काकांची बायको. मेण लावलेला दोरा आणि जाड सुई घेऊन त्या पानांना टाके घालत. काका चाक फिरवत, पातं उतरे आणि माझ्यात कातरण पडे. असे दिवसामागून दिवस गेले.

शाळांची हजेरीपुस्तकं आली, डॉक्टरांचे जाडजूड ग्रंथ आले, एका मुलीचं फाटून चिंध्या झालेलं गोष्टींचं पुस्तक आलं. नवं पुस्तक हातात घेतलं की लोक कापडाचं कौतुक करत, सोनेरी अक्षरांचं करत. काकूंच्या टाक्यांचंही करत. कातरण किती छान पडलंय, असं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मला वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू?

पण या दुकानात माझ्यासाठी एक नियम होता. काकांना हे काम शिकवणाऱ्या उस्तादांनी तो घालून दिला होता. पुस्तक मालकाच्या हातात जायचं, त्याने काकांच्या समोर शेवटचं पान उलटायचं, आणि त्यानंतरच त्या पुस्तकाचं कातरण रद्दीत जायचं. तोवर टोपलीला हात लावायचा नाही. घाईतली गिऱ्हाइकं हसत. "अहो, द्या ना लवकर, घरी बघतो," म्हणत. काका पुस्तक धरून ठेवत आणि म्हणत, "इथेच बघा. कापलेलं परत वाढत नाही." त्यामुळे मी दुकानातली सगळ्यात जास्त भरलेली आणि सगळ्यात जास्त शिव्या खाणारी वस्तू होते. काकूंना झाडताना मी सारखी आडवी येई.

आता ताईंबद्दल सांगते. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा काका लहान होते. ताईंनी एका ग्रंथालयात नोकरी धरली, भावाला वाढवलं आणि उस्तादांकडे कामाला लावलं. स्वतःचं काही करायचं त्यांच्या मनात होतं, ते त्यांनी निवृत्त झाल्यावर सुरू केलं. पुस्तकाला जगातल्या वेगवेगळ्या भाषांमध्ये काय म्हणतात आणि ते शब्द मुळात कुठून आले, हे त्या गोळा करत होत्या. एका शब्दाला एक चिठ्ठी. काटकसरीचा स्वभाव, त्यामुळे चिठ्ठ्या जुन्या कॅलेंडरांच्या, पाकिटांच्या, निमंत्रणांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेल्या. एक रुंद, एक अरुंद, एक निळसर, एक पिवळी. मधोमध शब्द आणि अर्थ. उजव्या कडेला, चिठ्ठी आडवी धरून, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं असे की हे कोणत्या पुस्तकातल्या कोणत्या पानावरून घेतलं, किंवा कोणी सांगितलं.

"शब्द सांगणारे पुष्कळ भेटतात," ताई म्हणायच्या. "तो कुठून आणला ते सांगता आलं नाही, तर ती नुसती थाप."

अकरा वर्षांत चारशे बारा चिठ्ठ्या झाल्या. एक प्रकाशक पुस्तक काढायला तयार झाला. आणि नेमका तेव्हाच ताईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनसाठी त्या भाचीकडे परगावी निघाल्या. जाण्याआधी पत्र्याची पेटी घेऊन दुकानात आल्या.

"घरी उंदीर झालेत रे," त्या काकांना म्हणाल्या. "एवढी पेटी तुझ्याकडे राहू दे. परत आले की प्रकाशकाला नेऊन द्यायचीये."

ताई गेल्या. काकांनी पेटी उघडली आणि त्यांचा जीव कासावीस झाला. चारशे बारा चिठ्ठ्या, आणि एकीची कड दुसरीला जुळत नव्हती. ते बराच वेळ बघत बसले. मग काकूंना म्हणाले, "ताईने मला माणसात आणलं. मी तिला आजवर एक वहीसुद्धा बांधून दिली नाही. परत येईल तेव्हा तिच्या हातात पुस्तक ठेवायचं."

काकूंच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चिठ्ठ्यांच्या डाव्या कडेला असे टाके घातले, जसे कधी कोणासाठी घातले नव्हते. काकांनी गठ्ठा मशीनमध्ये ठेवला, वर फळी दाबली आणि चाक फिरवलं. सगळ्यात अरुंद चिठ्ठीच्या मापाने बाकी सगळ्या कापल्या गेल्या.

आणि मित्रांनो, त्या पट्ट्या माझ्यात पडल्या. मला लगेच दिसलं. प्रत्येक पट्टीवर पेन्सिलीचं बारीक अक्षर होतं. पण टोपलीचं तोंड कायम उघडं असून उपयोग काय, बोलता कुठे येतं. काका वाईट नव्हते आणि निष्काळजी तर मुळीच नव्हते. पण बाइंडर माणूस कागदाची कड बघतो, त्यावरचा मजकूर बघत नाही. हजारो पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली होती. वाचलेली बोटांवर मोजावी इतकीच. चिठ्ठ्यांना गडद हिरवं कापड चढलं. पाठीवर सोनेरी अक्षरांत फक्त 'ताई' असं लिहिलं. काका त्या पुस्तकाकडे येता-जाता बघत आणि खूश होत. मला मात्र धाकधूक लागून राहिली.

दोन आठवडे गेले. माझ्यात बाकीच्या कामांचं कातरणही पडत राहिलं. मी काठोकाठ भरले आणि माझ्या तळाची वीण एका बाजूला सुटली. दोनदा रद्दीवाला येऊन रिकाम्या हाताने गेला. ताई यायच्या त्या दिवशी सकाळी तो तिसऱ्यांदा आला. काकूंना दुकान लखलखीत करायचं होतं. त्यांनी मला ओढत दारापर्यंत नेलं.

"टोपलीसकट घेऊन जा," त्या रद्दीवाल्याला म्हणाल्या. "हिचं बूड गेलंय. आता नवी आणू."

रद्दीवाल्याने माझा काठ धरला. मी मनातल्या मनात त्या विणणाऱ्या आजीला हाक मारली. तेवढ्यात काका आले.

"अगं, ताईने पुस्तक अजून बघितलं कुठेय?"

"घरचंच तर पुस्तक आहे," काकू म्हणाल्या. "ताई काय तक्रार करणार आहेत?"

"घरचं असलं म्हणून काय झालं? गिऱ्हाइकाला एक आणि बहिणीला एक, असं नाही चालायचं."

"तुमच्या या नियमापायी माझी कंबर गेली," म्हणत काकूंनी मला परत आत ढकललं. रद्दीवाला हसत निघून गेला. मित्रांनो, त्या क्षणासाठी मी काकांची जन्मभर ऋणी आहे.

दुपारी ताई आल्या. डोळ्यांवर काळा चष्मा होता. आणखी पंधरा दिवस वाचायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. काकांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि मांडीवर पुस्तक ठेवलं.

"ओळख बघू काय आहे ते."

ताईंनी कापडावरून हात फिरवला. पुस्तक उघडलं. चिठ्ठ्या बोटांनी ओळखल्या आणि त्यांचा चेहरा आधी फुलला. मग त्यांचा अंगठा उजव्या कडेवर गेला आणि तिथेच थांबला.

"कडा सरळ केल्यास?"

"काचेसारख्या," काका अभिमानाने म्हणाले.

ताईंनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांनी एक चिठ्ठी डोळ्यांच्या अगदी जवळ नेली, डॉक्टरांची ताकीद असूनही. मग दुसरी. मग पुस्तक मिटून दोन्ही हात त्यावर ठेवले.

"कडेलाच लिहिलेलं होतं रे सगळं," त्या हळूच म्हणाल्या. "कुठून काय घेतलं ते. आता हे मी कोणाला कसं दाखवू? अकरा वर्षं गेली यात. पुन्हा शोधायला ना डोळे उरलेत ना पाय."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. ते ताईंच्या खुर्चीशी खालीच बसले. काकूंच्या हातातला पाण्याचा पेला हातातच राहिला. ताईंनी शिव्या दिल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त भावाच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्यांना काहीतरी आठवलं.

"तुझी टोपली रिकामी झाली का?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग तोंडाला पदर लावून त्या मटकन स्टुलावर बसल्या. सकाळचा प्रसंग त्यांना आठवला असणार.

त्यानंतरचे सहा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस. दुकानात नवं काम बंद होतं. जमिनीवर चादर अंथरून त्यांनी मला ओतलं, आणि पांढऱ्या कातरणातून ताईंच्या रंगीबेरंगी पट्ट्या एकेक करून वेचल्या. काकूंनी स्वतः घातलेले टाके स्वतः उसवले. उसवताना त्यांचा एक सुस्कारा ऐकू आला. चिठ्ठ्या पुन्हा सुट्या झाल्या.

आता कोणती पट्टी कोणत्या चिठ्ठीची? इथे काकांची बोटं कामाला आली. कागद जाड की पातळ, खरखरीत की गुळगुळीत, हे त्यांना न बघता कळे. पाठीमागे कॅलेंडरचा अर्धा आकडा असला तर उरलेला अर्धा शोधायचा. पाकिटाची दुमड असली तर दुमडीला दुमड लावायची. ताईंना वाचायची बंदी, म्हणून काका चिठ्ठी मोठ्याने वाचत, पट्टीवरचा मजकूर वाचत, आणि ताई आठवून सांगत की जोडी बरोबर आहे का. आयुष्यात पहिल्यांदा काका एवढं सलग वाचत होते. आणि मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

"ग्रंथ," काकांनी वाचलं. "संस्कृतात मूळ अर्थ बांधणं, ओवणं, गाठ मारणं." ते थांबले. "म्हणजे ताई, ग्रंथात आधी माझं काम आलं आणि मग लिहिणाऱ्याचं?"

"हुरळून जाऊ नकोस. पुढची वाच."

पुढची अरबी होती. किताब हा शब्द लिहिणं या अर्थाच्या धातूवरून आला, पण जुन्या कोशांत त्याच धातूला जोडणं, चामडं शिवणं असेही अर्थ दिले आहेत.

"शिवणं?" काकू खिडकीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या. "म्हणजे मूळ काम माझं. तुम्ही नुसत्या कडा कापता."

त्या सहा दिवसांत ताई पहिल्यांदा हसल्या. काकाही हसले, आणि मला हायसं वाटलं.

मग चिठ्ठ्यांमागून चिठ्ठ्या आल्या. लॅटिनमध्ये पुस्तकाला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ झाडाची आतली साल. त्याच भाषेतल्या दुसऱ्या एका शब्दाचा अर्थ झाडाचा बुंधा. ग्रीक शब्द पाण्याकाठी वाढणाऱ्या पपायरसवरून आलेला. इंग्रजी 'बुक' बीच नावाच्या झाडाच्या नात्यातला आहे असं बरेच जण मानतात, सगळ्यांना ते पटत नाही. आपला 'पुस्तक' हा शब्दही कातड्यासाठी असलेल्या जुन्या इराणी शब्दावरून आला असं काही म्हणतात, तर काही नकारार्थी मान हलवतात. प्रत्येक ठिकाणी ताईंनी दोन्ही मतं लिहिली होती आणि कोणाचं कोणतं ते कडेला.

"एवढी भानगड?" काका म्हणाले. "एकच काय ते लिहायचं ना."

"मला माहीत नाही ते माहीत आहे असं कसं लिहू?" ताई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी एक चिनी शब्दाची चिठ्ठी निघाली. पुस्तकाच्या खंडासाठी तिथे जे जुनं अक्षर आहे, ते म्हणजे दोरीने एकत्र बांधलेल्या बांबूच्या पट्ट्यांचं चित्र. कागद यायच्या आधी तिथे बांबूच्या पट्ट्यांवरच लिहीत.

काका वाचायचे थांबले. तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी कोपऱ्यात रिकामी, फाटक्या बुडाची बसले होते.

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "म्हणजे ही टोपली पुस्तकाची आत्याच की."

मित्रांनो, काय सांगू तुम्हाला. इतकी वर्षं मला वाटायचं की पुस्तकं टेबलावर राहतात आणि मी खाली, आमचा काय संबंध. आणि आता कळलं की माझ्याच कुळातल्या पट्ट्यांनी कधीकाळी माणसांचं सगळं लिहिणं अंगावर वागवलं होतं. साल, बुंधा, पपायरस, बांबू, कातडं, दोरा, गाठ. मोठमोठ्या ग्रंथांची नावं अशा साध्या वस्तूंवरून पडली होती. माझा ऊर भरून आला.

सहाव्या दिवशी हिशेब लागला. एकोणीस पट्ट्या सापडेनात. दोष माझा होता. माझी तळाची वीण सुटली होती आणि तिथून त्या खाली निसटल्या होत्या. काका जमिनीवर पालथे झोपले आणि मशीनच्या पायामागच्या फटीतून त्यांनी फूटपट्टीने ओढून ओढून सोळा पट्ट्या काढल्या. एक माझ्या विणीतच अडकलेली काकूंना दिसली. उरलेल्या दोन कधीच मिळाल्या नाहीत.

"त्या दोन शब्दांपुढे 'आधार हरवला' असं छापायचं," ताई म्हणाल्या.

"लोक काय म्हणतील?" काकांनी विचारलं.

"म्हणू देत. थाप मारण्यापेक्षा ते बरं."

काकांनी पातळ पारदर्शक कागदाने प्रत्येक पट्टी आपल्या चिठ्ठीला जोडली. चिठ्ठ्या पुन्हा लहानमोठ्या झाल्या, कडा पुन्हा वेड्यावाकड्या. काकांनी त्या तशाच पेटीत ठेवल्या. मग उरलेली खळ आणि ताईंच्या पुस्तकाचं ते हिरवं कापड घेऊन ते माझ्यापाशी बसले आणि माझ्या तळाला ठिगळ लावलं. नवी टोपली आणायची गोष्ट काकूंनी पुन्हा काढली नाही.

पुढच्या वर्षी ताईंचं पुस्तक छापून झालं. पहिली प्रत बांधायला प्रकाशकाने छापील पानं काकांकडे पाठवली. काकूंनी टाके घातले. काकांनी गठ्ठा मशीनमध्ये ठेवला, वर फळी दाबली, चाकावर हात ठेवला. आणि हात तसाच काढून घेतला.

"कडा?" काकूंनी विचारलं.

"राहू देत," काका म्हणाले.

पात्याखाली मी रिकामी वाट बघत होते. पातं खाली आलंच नाही. जन्मभर ज्याला वाकडी कड बघवली नाही, त्या माणसाने आपल्या बहिणीचं पुस्तक न कापता बांधलं. ताई नवा चष्मा लावून आल्या. त्यांनी काकांच्या समोर एकेक पान उलटलं, अगदी शेवटचं सुद्धा, नियमाप्रमाणे. दुपारची संध्याकाळ झाली तरी कोणी घाई केली नाही.

मित्रांनो, मी साधी टोपली आहे, मोठा उपदेश करायचा माझा अधिकार नाही. पण कोणाची वस्तू तुमच्या हातात आली, अगदी प्रेमाच्या माणसाची आली, तरी ती सुधारण्याआधी त्याला एकदा विचारा. आणि काही फेकण्याआधी थोडं थांबा. दोन आठवडे थांबायला लावणाऱ्या त्या उस्तादांना मी कधी पाहिलं नाही, पण मी रोज त्यांचे आभार मानते. काकांचे मानते, ताईंचे मानते, आणि मला रद्दीवाल्याच्या हाती देता देता राहिलेल्या काकूंचेसुद्धा.

त्या संध्याकाळी शेवटचं पान मिटून ताई म्हणाल्या, "झालं बघून. आता कर तुझी टोपली रिकामी."

काकांनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि चादरीवर उलटं केलं. काहीच पडलं नाही.